ए२ लायसन, २००५ची एसव्ही६५० आणि जुने ३३ बीएचपीचे वॉशर: चालतील का?

चाकोरीबाहेर:

नमस्कार मंडळी. वय २२, मुक्काम लेस्टर, इंग्लंड. मॉड्यूल २ (रस्त्यावरची परीक्षा) पास झालो, त्यामुळे आता हातात ए२ आहे, म्हणजे मर्यादित ताकदीच्या मोटरसायकलचं लायसन. सुझुकी एसव्ही६५०एस बघून ठेवली आहे, २००५ची, म्हणजे कार्ब्युरेटरवाली नाही, इंजेक्शनवाली. लॉगबुकात (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) पी.२ समोर, म्हणजे ताकदीच्या रकान्यात, ५३ किलोवॅट लिहिलंय. सध्या गाडी पूर्ण ताकदीची आहे. मालक गाडीसोबत एका डबीत ॲल्युमिनियमचे दोन वॉशर (इंजिनची हवा अडवून ताकद कमी करणारे) देतोय आणि २००९चं एक सर्टिफिकेट, याच रजिस्ट्रेशन नंबरचं. त्यावर '३३ बीएचपीला मर्यादित' असं आहे. त्याचं म्हणणं, हे दोन वॉशर टाक, कागद खिशात ठेव, झालं काम.

तर हे वॉशर ए२ला चालतील का? स्वतः बसवणं जमण्यासारखं आहे का? चेन, ब्रेक पॅड, तेल, फिल्टर एवढं मी घरी करतो, इनटेकला (इंजिनात हवा जाते त्या भागाला) कधी हात लावलेला नाही. आणि वॉशरपेक्षा थ्रॉटल स्टॉप (थ्रॉटल पूर्ण उघडू न देणारा अडसर) बरा असं काही जण म्हणतात, त्यात तथ्य किती?

हायवेहरी:

चालतील की. ए२ची मर्यादा ३५ किलोवॅट. ३३ बीएचपी म्हणजे पंचवीसच्या आतच. मर्यादेच्या खाली आहे तर हरकत कोण घेणार? गाडी जरा मंद वाटेल एवढंच.

नियमावली:

हरी, मर्यादेच्या खाली असणं पुरत नाही. ए२ला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळाव्या लागतात. पहिली, ताकद ३५ किलोवॅटपर्यंत. दुसरी, वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटपर्यंत. तिसरी, जिच्यापासून ही गाडी तयार केली ती मूळ गाडी तिच्या दुपटीहून जास्त ताकदीची नसावी. तिसरी अट 'मूळ गाडी ७० किलोवॅटपर्यंत' अशी सगळ्यांच्या तोंडी बसली आहे, पण तो आकडा फक्त गाडी बरोब्बर ३५ ला बांधली, म्हणजे तिची ताकद तिथे मर्यादित केली, तरच खरा. दुप्पट मोजायची ती बांधल्यानंतरच्या ताकदीची.

आता चाकोरीबाहेरच्या गाडीचा हिशेब करा. मूळ ५३, निम्मे २६.५. म्हणजे ही एसव्ही २६.५ ते ३५ किलोवॅटच्या मध्ये कुठेतरी बांधली तर ए२ला चालते. ३३ बीएचपी म्हणजे २४.६ किलोवॅट. त्याची दुप्पट ४९.२, आणि मूळ गाडी ५३ची. ताकद जास्त कापल्यामुळेच गाडी नियमाबाहेर जाते. विचित्र वाटेल, पण नियमाची भाषा तशीच आहे.

हे ३३ बीएचपीचे संच आले कुठून, तर १९ जानेवारी २०१३च्या आधीच्या नियमातून. तेव्हा मर्यादा २५ किलोवॅट आणि किलोमागे ०.१६ किलोवॅट होती, मूळ गाडी किती ताकदीची असावी यावर बंधन नव्हतं, आणि दोन वर्षं झाली की बंधन आपोआप सुटायचं. म्हणून त्या काळातली कितीतरी शक्तिमान गाडी दोन वॉशर टाकून चालवली जायची. २००९चं सर्टिफिकेट त्या नियमाचं आहे. तुमच्या लायसनला त्याचा उपयोग नाही, नंबर तोच असला तरी.

वजनाची अट एसव्हीला अडचणीची नाही. ३५ भागिले ०.२ म्हणजे १७५ किलो, आणि पेट्रोल-तेलासह ही गाडी त्याच्या वरच आहे. हलक्या सिंगल सिलिंडर गाड्यांना मात्र ही अट नडते. १६० किलोची गाडी ३२ किलोवॅटलाच थांबवावी लागते, आणि मग मूळ गाडीही ६४च्या आत हवी. जुन्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा कोरडं वजन छापलेलं असतं, ते धरून हिशेब करू नका.

घोडे मोजतानाही घोटाळा होतो. १ किलोवॅट म्हणजे १.३४ बीएचपी किंवा १.३६ पीएस. ९५ पीएस म्हणजे ६९.९ किलोवॅट, चालतं. ९५ बीएचपी म्हणजे ७०.८, चालत नाही. जाहिरातीत नुसतं '९५ एचपी' लिहिलं असेल तर लॉगबुकातला पी.२ बघा. जुन्या गाडीच्या लॉगबुकात तो रकाना रिकामा असला तर कंपनीच्या आयातदाराकडून लेखी आकडा मागवा.

दुधावरची साय:

विषय निघालाच आहे तर: २००७ची होंडा हॉर्नेट ६०० बांधून मिळते का? आणि यामाहा एफझी६ फेझर? दोन्ही स्वस्तात दिसतायत.

नियमावली:

दोन्ही नाही. २००७ची हॉर्नेट १०२ पीएस, म्हणजे ७५ किलोवॅट. ९८ पीएसची फेझर ७२. दोन किलोवॅटसाठी हुकते, पण हुकतेच. विकणारा 'ए२ किट मिळतं' म्हणेल, वॉशर काय कुठल्याही गाडीत बसतात, पण कायद्याने ती ए२ची होत नाही. सहाशेच्या आसपास हवी असेल तर यामाहा एक्सजे६ (५७ किलोवॅट), कावासाकी ईआर-६ (५३), होंडा सीबीएफ६०० अशा बघा. होंडाची सीबी६५०आर ९५ पीएसची आहे, सत्तरच्या अगदी काठावर, ती चालते. आणि काही बांधायचं-सोडायचंच नको असेल तर होंडा सीबी५०० मालिका किंवा रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० कारखान्यातूनच ३५ किलोवॅटची येते. कागदाचा प्रश्नच मिटतो.

पाना_दहा:

कायद्याचं वर आलं आहे, मी यंत्राचं लिहितो. जरा लांबेल.

ताकद कमी करायचे रस्ते मुळात तीन. इनटेकमध्ये भोक असलेला वायसर (वॉशरच तो) टाकून हवेची वाट अरुंद करायची. थ्रॉटल पूर्ण उघडूच नये म्हणून अडसर लावायचा. किंवा ईसीयूमधला, म्हणजे इंजिनच्या संगणकातला, पेट्रोलचा नकाशा बदलायचा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत स्लाइड वर जाऊ नये म्हणून टोपणात नळीचा तुकडा टाकण्याचाही प्रकार होता. कुठला रस्ता बरा हे गाडीला पेट्रोल कसं मिळतं यावर ठरतं.

कार्ब्युरेटरच्या गाडीत वायसर उत्तम काम करतो. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मध्ये वायसर बसला की हवा कमी ओढली जाते, सीव्ही कार्ब्युरेटरची स्लाइड त्या मानाने कमी उचलली जाते, जेटमधून पेट्रोलही कमी येतं. मिश्रण आपोआप जुळलेलं राहतं. १९९९ ते २००२ची एसव्ही असती तर मी बिनधास्त वायसर म्हटलं असतं.

इंजेक्शनच्या गाडीत तसं होत नाही. ईसीयू हवा मोजत नाही, अंदाज बांधतो. थ्रॉटल कमी उघडा असताना इनटेकमधला दाब पाहून, आणि जास्त उघडा असताना थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम पाहून. वायसर थ्रॉटल बॉडीच्या खाली बसतो. पूर्ण थ्रॉटलला टीपीएस (थ्रॉटल किती उघडा आहे ते सांगणारा सेन्सर) सांगतो 'पूर्ण उघडं', ईसीयू त्या हिशेबाने पूर्ण पेट्रोल सोडतो, आणि हवा मात्र वायसरने अडवलेली. दाबाची नळी वायसरच्या वरच्या बाजूला असली तर तो आकडाही फुगलेला येतो. शिवाय इंजेक्टर थ्रॉटल बॉडीत असल्याने फवारा थेट वायसरच्या कडेवर आदळतो, पेट्रोलचे थेंब होतात, ते नीट मिसळत नाही. परिणाम: ६००० आरपीएमच्या पुढे गाडी घुसमटते, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज उतरतं, मागे कच्च्या पेट्रोलचा वास येतो. मिसफायर व्हायला लागलं आणि न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरपर्यंत गेलं तर तो तापून खराब होतो. ३३ बीएचपीच्या बारक्या भोकाला हे जास्त जाणवतं, ४७ बीएचपीच्या, म्हणजे ३५ किलोवॅटच्या, संचाला कमी, पण प्रकार तोच.

थ्रॉटल स्टॉपला हा त्रास नाही. बटरफ्लाय (थ्रॉटलमधली फिरणारी झडप) जितकी उघडते तितकीच टीपीएसला दिसते, ईसीयू त्या कोनाचंच पेट्रोल देतो, म्हणजे गाडी कारखान्याने आखलेल्या नकाशातच चालते, फक्त त्याच्या वरच्या टोकाला जात नाही. खालच्या आरपीएमला इंजिनला हवाच थोडी लागते, त्यामुळे शहरातला पिकअप जवळजवळ मूळ गाडीसारखा राहतो. कापलं जातं ते वरचं टोक. म्हणून चाकोरीबाहेरला माझं उत्तर: या गाडीला ३५ किलोवॅटचा, याच मॉडेलसाठी बनवलेला, प्रमाणपत्रासह मिळणारा थ्रॉटल स्टॉप संच मिळत असेल तर तोच घ्या.

घरी अंदाजाने स्क्रू लावून स्टॉप बनवू नका. बटरफ्लाय फिरण्याचा कोन आणि उघडणारी वाट यांचं प्रमाण सरळ नसतं. ६० अंश फिरली तरी वाट निम्मीच उघडते, ४५ अंशाला तर तीस टक्केही नाही. आणि वाट निम्मी झाली म्हणजे ताकद निम्मी झाली असंही नाही. डायनोशिवाय (ताकद मोजणाऱ्या यंत्राशिवाय) तो आकडा सापडणार नाही.

हीच गोष्ट वायसरचं भोक मोठं करण्याची. 'तेहतीसचे वायसर ड्रिल मारून सत्तेचाळीसचे करू' हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. नुसतं गणित बघा: २० मिमीचं भोक २४ मिमी केलं तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं. चार मिलीमीटरच्या खेळात मर्यादा कुठल्या कुठे ओलांडली जाते. वर हँड ड्रिलने मारलेलं भोक मध्यावर येत नाही, कडेला बारीक चीर राहते, आणि इनटेकच्या स्पंदनांनी ॲल्युमिनियमचा तुकडा सुटला तर तो थेट व्हॉल्व्हवर जातो.

काही कारणाने वायसरचाच ३५ किलोवॅटचा संच मिळाला, तर बसवण्याचा क्रम असा. इंजिन पूर्ण थंड. सीट काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. टाकीचे पुढचे दोन बोल्ट काढून टाकी मागच्या बिजागरीवर उचला आणि सीटखालच्या दांडीचा टेकू द्या. टाकी निम्म्याहून कमी भरलेली असावी, नाहीतर उचलल्यावर ओव्हरफ्लोमधून पेट्रोल येतं. एअरबॉक्सचं झाकण आणि फिल्टर काढा, हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर आणि ब्रीदरची नळी सोडा, थ्रॉटल बॉडीवरच्या क्लिपा ढिल्या करून एअरबॉक्स वर घ्या. प्रत्येक पायरीला फोटो काढा. दाबाच्या सेन्सरची बारीक नळी परत लावायची राहून जाणं ही इथली सर्रास होणारी चूक, आणि मग आयडलिंग नाचतं.

आता इनटेकची तोंडं उघडी पडतात. लगेच स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने बंद करा, आणि फडक्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा म्हणजे विसरणार नाही. पुढच्या आणि मागच्या सिलिंडरच्या इनलेट रबरांच्या क्लिपा ढिल्या करा. पुढच्या क्लिपच्या स्क्रूपर्यंत आखूड पाना पोचत नाही, लांब दांड्याचा षटकोनी बॉल-एंड पाना किंवा लांब स्क्रूड्रायव्हर लागतो, जशी क्लिप असेल तसा. थ्रॉटल बॉडी दोन्ही हातांनी डुलवत सरळ वर खेचा. स्क्रूड्रायव्हर घालून उपसू नका, रबराचं ओठ फाटतं. आणि दोन्ही बॉडी एकमेकींपासून सुट्या करू नका, जोडीनेच उचला, नाहीतर सिंक्रोनायझेशन पहिल्यापासून करावं लागेल.

वायसर रबराच्या आतल्या कडेवर सपाट बसला पाहिजे. पुढचा आणि मागचा वेगळा असू शकतो, संचाच्या कागदावरची खूण पाहूनच ठेवा. बसल्यावर बोट फिरवा, कुठे उचललेला वाटला तर खाली कचरा किंवा रबराची घडी आहे. सिलिकॉन किंवा गॅस्केट पेस्ट अजिबात नको, वाळलेला तुकडा आत जातो. रबराला आतून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात दिला की बॉडी 'टप्' करून बसते. वायसरच्या जाडीमुळे बॉडी किंचित वर राहते, त्यामुळे क्लिप खोबणीतच आली आहे ना हे आरसा धरून बघा. ही एक गोष्ट नीट पाहिली नाही की पुढचे सगळे त्रास सुरू होतात. क्लिपा रबर दबेपर्यंत आवळा, त्याच्या पुढे आटे मरतात. रबर हेडपासूनच काढलं असेल तर खालची ओ-रिंग नवी टाका आणि बोल्ट एम६ असल्यास १० न्यूटन मीटरच्या आसपास थांबा. हेड ॲल्युमिनियमचं आहे.

मूळ संचापेक्षा जाडजूड वायसर टाकून 'आणखी पक्कं' करायचा मोह असतो काहींना. नको.

सगळं जोडल्यावर स्टार्ट करायच्या आधी थ्रॉटल पूर्ण पिळून सोडा, हँडल डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत, दोन्हीकडे. प्रत्येक वेळी थ्रॉटल स्वतःहून खटकन बंद झाला पाहिजे. थ्रॉटल स्टॉप लावला असेल तर ही तपासणी दुप्पट महत्त्वाची, कारण अडसर चुकीच्या जागी असला की पुली त्यावर अडकू शकते. आणि स्टॉप शक्यतो थ्रॉटल बॉडीच्या पुलीवर असावा. मुठीपाशी लावलेल्या स्टॉपला केबलच्या ढिलाईप्रमाणे दोन-तीन अंश इकडेतिकडे मिळतात, केबल आवळली की मर्यादा बदलते.

गरम झाल्यावर आयडलिंग १३०० आरपीएमच्या आसपास स्थिर हवं. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम अडीच हजारावर लटकून हळूहळू उतरत असेल, किंवा उतारावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येत असेल, तर इनलेटला कुठेतरी हवा ओढली जाते. रबराच्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आयडलिंग क्षणभर बदललं तर गळती तिथेच. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर फवारतात. पुढच्या सिलिंडरचा तापलेला पाइप जवळ असताना मी तो सल्ला देणार नाही.

चाकोरीबाहेर:

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. म्हणजे डबीतले वॉशर बाद, ३५ किलोवॅटचा स्टॉप संच. कागदाचं काय करायचं? डायनोवर चढवून ४७ बीएचपी आले की तो कागद पुरेल का?

गाडीवान_दादा:

४७ आले तर नापास झालात असं समजा. डायनो मागच्या चाकाला मिळणारी ताकद मोजतो. गिअरबॉक्स, चेन आणि टायरमध्ये दहा-बारा टक्के जातात. कायद्यातली ताकद इंजिनची. इंजिनला ४६.९ बीएचपी म्हणजे चाकाला साधारण ४१-४२ दिसायला हवेत. चाकाला ४७ म्हणजे इंजिनला ५२-५३, सरळ मर्यादेबाहेर. डायनोवाल्याला आधीच विचारा की कागदावर चाकाचा आकडा छापणार की हिशेब करून काढलेला इंजिनचा. काही यंत्रं दोन्ही छापतात, काही एकच छापून खाली बारीक अक्षरात लिहितात. गाडी चढवण्याआधी चेनचा ताण आणि मागच्या टायरमधली हवा तपासा, दोन्हींनी आकडा हलतो.

पण कागद म्हणून डायनोवर विसंबू नका. पुढेमागे ए२च्या परीक्षेला कोणी बांधलेली गाडी नेणार असेल, तर मागितला जातो तो अधिकृत डीलर, आयातदार किंवा हे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाचा, त्यांच्या लेटरहेडवरचा, रजिस्ट्रेशन नंबर लिहिलेला दाखला. तोच विमा कंपनीलाही पटतो. संच विकणारे बहुतेक जण बसवणाऱ्या मेकॅनिकच्या सही-शिक्क्यावरच प्रमाणपत्र देतात. तेव्हा स्वतः बसवायचं ठरवण्याआधी अटी वाचा. स्वतः बसवून कागद मिळत नसेल, तर वाचवलेली मजुरी कामाची नाही.

नियमावली:

विम्याबद्दल दोन शब्द. गाडी बांधलेली आहे हे पॉलिसी घेतानाच सांगा, हा बदल म्हणूनच धरला जातो. आणि वर्षभराने गुपचूप स्टॉप काढून टाकायचा विचार मनात आला तर हिशेब असा: ए२वर अनिर्बंध गाडी म्हणजे लायसनबाहेर चालवणं, कोड एलसी२०, ३ ते ६ पॉइंट आणि १००० पौंडांपर्यंत दंड. त्याच्या जोडीला विमा लागू नाही असं ठरलं की आयएन१०, जागेवरच ३०० पौंड आणि ६ पॉइंट, कोर्टात गेलं तर ८ पर्यंत. गाडी जप्त होऊ शकते ते वेगळंच. ज्याचं पहिलं पूर्ण लायसन दोन वर्षांच्या आतलं आहे त्याला ६ पॉइंट झाले की लायसनच रद्द, पुन्हा प्रोव्हिजनलपासून (शिकाऊ लायसनपासून) सुरुवात. चाकोरीबाहेर, तुमच्याकडे आधीचं इथलं कारचं पूर्ण लायसन नसेल तर तुम्ही त्या दोन वर्षांत आहात. भारतातलं लायसन यात मोजलं जात नाही.

हायवेहरी:

मग दोन वर्षांनी तरी आपोआप सुटतं ना?

नियमावली:

नाही, ते २०१३च्या आधी लायसन मिळालेल्यांचं. आता ए२ला दोन वर्षं पूर्ण आणि वय किमान २१ असलं तर ए साठी, म्हणजे ताकदीचं बंधन नसलेल्या लायसनसाठी, पुन्हा मॉड्यूल १ आणि २ द्यायचे. थिअरी आणि सीबीटी (सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण) नव्याने लागत नाही. नाहीतर २४ पूर्ण झाल्यावर थेट. चाकोरीबाहेरचं वय धरलं तर दोन्ही वाटा जवळपास एकाच वेळी उघडतात. परीक्षेची गाडी मोठी लागते, किमान ५९५ सीसी आणि ५० किलोवॅट. आपलीच एसव्ही मोकळी करून एकट्याने परीक्षेला चालवत नेता येणार नाही, कारण पास होईपर्यंत लायसन ए२चंच असतं. म्हणून बहुतेक जण ट्रेनिंग स्कूलचीच गाडी घेतात.

पाना_दहा:

पास झाल्यावर स्टॉप काढाल तेव्हा थ्रॉटलच्या दोन्ही केबलींची ढिलाई पुन्हा लावा आणि टीपीएस तपासून घ्या. सुझुकीत सीटखालच्या डीलर मोडच्या कनेक्टरला जोड दिला की घड्याळावर सी००च्या आधी एक आडवी रेघ येते, ती मधोमध हवी. वर किंवा खाली असेल तर टीपीएस सरकला आहे. आधी विमा कंपनीला कळवायचं, मग स्टॉप काढायचा. सुटे भाग आणि दाखला जपून ठेवा, पुढचा गिऱ्हाईक ए२वाला निघाला तर त्याला तेच हवे असतात.

दुधावरची साय:

एक शेवटचं. मी बघतोय त्या एका ईआर-६चा मालक म्हणतो वॉशर आधीच बसवलेले आहेत, कागद हरवलाय. न उघडता खात्री कशी करायची?

पाना_दहा:

काहीच न उघडता नाही, पण टाकी आणि एअरबॉक्स निघाला की पुरे, थ्रॉटल बॉडी काढावी लागत नाही. इंजिन बंद, चावी बंद. थ्रॉटल पूर्ण पिळून धरा. मुठीशी जोडलेल्या बटरफ्लायच्या वर ईसीयूच्या ताब्यातली दुसरी असते, ती बोटाने हलकेच उघडून टॉर्च मारा. जोर लावू नका, तिची मोटर नाजूक असते. वायसर असेल तर खाली इनटेक अचानक अरुंद झालेला दिसतो. कडेवर साधारण भोकाचा आकार किंवा नंबर कोरलेला असतो, पण तो वरून वाचता येईलच असं नाही. काळा रंगवलेला वायसर रबराचीच कड वाटतो, फसू नका. दोन्ही सिलिंडर बघा. एकातच वायसर आणि दुसरा मोकळा अशा गाड्याही विकायला येतात. त्या आयडलला ठीक चालतात आणि वर रेस केली की थरथरतात, एका प्लगचा रंग तपकिरी आणि दुसऱ्याचा काळा निघतो.

कागद हरवला असेल तर आत कितीचा वायसर आहे हे मालकालाही माहीत नसतं. पंचवीस किलोवॅटचा निघाला तर त्रेपन्नच्या ईआर-६ला वरचंच गणित लागू. तेव्हा किंमत ठरवताना नव्या संचाचा आणि दाखल्याचा खर्च वजा करूनच बोला.